पेशीतला निरोप्या

प्रिय मीनल,

तुझा मेल वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. आर्या हाफ मॅरेथॉनची तयारी करतेय हे वाचून फार बरं वाटलं. पण तिच्या ट्रेनरने तिला रोज व्हिटॅमिन सी आणि व्हिटॅमिन ईच्या जोरदार डोसच्या गोळ्या सुरू करायला सांगितल्यात, हे काही पटलं नाही. 'व्यायामाने शरीरात फ्री रॅडिकल तयार होतात, त्यांना मारायला अँटिऑक्सिडंट हवेतच,' असं त्याचं म्हणणं. आणि तू मला विचारतेस, की तू इतकी वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवतेस, तर हे खरं की खोटं ते सांग.

निम्मं खरं आहे. व्यायामाने ते रेणू तयार होतात, हे खरं. त्यांना मारायला हवं, हे मात्र चूक. त्या गोळ्या बंद करायला सांग, असं एका ओळीत लिहून मोकळी झाले असते, पण आर्या तुझीच लेक. कारण कळल्याशिवाय ती ऐकायची नाही. म्हणून सगळं मुळापासून लिहिते. लांबेल, पण वेळ काढून वाच.

ऑक्सिजनची भीती आपल्याकडे आली ती किरणोत्सर्गाच्या वाटेने. १९५४ साली रेबेका गर्शमन या अर्जेंटिनाच्या शास्त्रज्ञ बाईंनी मांडलं, की जास्त ऑक्सिजनमुळे होणारी इजा आणि क्ष-किरणांमुळे होणारी इजा या दोन्हींमागे एकच यंत्रणा आहे, फ्री रॅडिकल. म्हणजे एखादा इलेक्ट्रॉन जोडीदाराविना राहिलेले, अस्वस्थ रेणू. दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, डेन्हम हारमन यांनी ती कल्पना म्हातारपणापर्यंत नेली. हारमन आधी तेल कंपनीत रसायनतज्ज्ञ होते, मग डॉक्टर झाले. आपण श्वास घेतो, त्यातूनच हे रेणू निर्माण होतात, ते पेशींची हळूहळू नासधूस करतात आणि ती नासधूस साठत जाणं म्हणजे वय वाढणं, असा त्यांचा सिद्धांत. इतका साधा आणि इतका पटण्यासारखा सिद्धांत जीवशास्त्रात क्वचितच सापडतो.

त्याला बळ मिळालं १९६९ साली. लाल रक्तपेशींमध्ये तांबं असलेलं एक निळसर प्रथिन १९३८ पासून ठाऊक होतं, पण ते करतं काय हे कोणालाच माहीत नव्हतं. ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड नावाचा विद्यार्थी आणि त्याचे गुरू अर्विन फ्रिडोविच यांनी शोधून काढलं, की हे प्रथिन सुपरऑक्साइड नावाच्या रॅडिकलचं हायड्रोजन पेरॉक्साइड करून टाकतं. तेच सुपरऑक्साइड डिस्म्युटेज. आपल्या पेशींनी सुपरऑक्साइडसाठी एक खास एन्झाइम बाळगलंय, तेही विलक्षण वेगवान, म्हटल्यावर सगळ्यांनी एकच अर्थ काढला: हे विष आहे आणि शरीर त्याच्याशी झगडतंय. १९८५ मध्ये जर्मनीच्या हेल्मुट झीस यांनी या सगळ्याला 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' हे नाव दिलं आणि पुढे औषधाच्या दुकानांतल्या फळ्यांच्या फळ्या अँटिऑक्सिडंटच्या बाटल्यांनी भरल्या.

आता त्या सगळ्यात काय निसटलं ते बघ.

सुपरऑक्साइडचं रूपांतर होऊन जे तयार होतं ते हायड्रोजन पेरॉक्साइड. हो, तेच, जखम धुताना फेस येतो ते. बाटलीत ते साधारण तीन टक्के तीव्रतेचं असतं, पेशीत मात्र ते अतिशय विरळ असतं. निरोगी पेशीत नॅनोमोलरच्या पातळीवर, म्हणजे एका लिटरमध्ये ग्रॅमचा काही कोट्यंशांइतका भाग. आणि या रेणूचा स्वभाव त्याच्या भावंडांहून वेगळा आहे. हायड्रॉक्सिल रॅडिकल जेमतेम नॅनोसेकंदभर जगतो, समोर जे येईल त्यावर तुटून पडतो, त्यामुळे त्याच्याकडून कोणताही निरोप पोचणं शक्य नाही. सुपरऑक्साइडवर विद्युतभार असतो, त्याला पेशीचा पडदा सहज ओलांडता येत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडवर भार नाही, ते बऱ्यापैकी टिकतं, पाण्यासाठी असलेल्या वाटांनी पडदाही ओलांडतं आणि हवं तेव्हा त्याचा निकाल लावणारी एन्झाइम पेशीत जागोजाग हजर असतात. निरोप्यामध्ये जे गुण हवेत ते सगळे त्याच्यात आहेत.

हे नुसतं कागदावरचं नाही. १९९५ साली अमेरिकेत बेथेस्डाला टोरेन फिंकेल यांच्या गटाने उंदराच्या रक्तवाहिन्यांतल्या स्नायुपेशी घेतल्या आणि त्यांना वाढीचा संदेश देणारं एक प्रथिन दिलं. पेशींनी ताबडतोब स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार केलं, थोडा वेळ, आणि मग ते ओसरलं. इथपर्यंत कोणी म्हणेल, की हा कामाच्या ओघातला कचरा असेल. म्हणून त्यांनी पेशींच्या आत कॅटलेज वाढवलं. कॅटलेज म्हणजे पेरॉक्साइडचं पाणी करून टाकणारं एन्झाइम. तर वाढीचा सगळा संदेशच बोथट झाला. पेशी विभागायची तयारी करीनात, हलायच्या त्या हलेनात. बाहेर संदेश देणारं प्रथिन तसंच होतं, ते पकडणारा ग्राही तसाच होता, फक्त मधलं पेरॉक्साइड काढून घेतलं होतं. मी वर्गात हा प्रयोग शिकवते तेव्हा इथे मुद्दाम थांबते, कारण मुलांच्या चेहऱ्यावर दिसतं की शाळेपासून पाठ केलेलं काहीतरी हललंय.

पण पेरॉक्साइडसारखा अगदी लहान, बिनचेहऱ्याचा रेणू नेमका निरोप देतो कसा? इथे गंधक येतं. प्रथिनांमध्ये सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं, त्याच्या टोकाला गंधकाचा अणू. बहुतेक सिस्टीन पेरॉक्साइडला दाद देत नाहीत. पण काही ठिकाणी शेजारच्या अमिनो आम्लांमुळे त्या गंधकावरचा हायड्रोजन सुटतो, ऋणभार उघडा पडतो आणि तो सिस्टीन संवेदनशील होतो. असा सिस्टीन फॉस्फेटेज नावाच्या एन्झाइमांच्या अगदी गाभ्यात बसलेला असतो. पेशीतले पुष्कळसे संदेश प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवून पुढे जातात आणि फॉस्फेटेज ते फॉस्फेट काढून संदेश थांबवतात. पेरॉक्साइड आलं, त्या सिस्टीनच्या गंधकाला ऑक्सिजन जोडला गेला, की फॉस्फेटेज गप्प. थांबवणाराच गप्प झाल्यावर संदेश वाढतो. थोड्या वेळाने ग्लुटाथायॉन आणि थायोरेडॉक्सिन हे पेशीतले दुरुस्ती करणारे रेणू येऊन तो गंधक पूर्ववत करतात आणि फॉस्फेटेज पुन्हा कामाला लागतं.

इन्सुलिनचंही असंच आहे, आणि आपल्या घराघरात मधुमेह असताना हे माहीत असायला हवं. चरबीच्या पेशीवर इन्सुलिन येऊन बसलं की ती पेशी थोडं पेरॉक्साइड बनवते, त्याने पीटीपी-१बी नावाचं फॉस्फेटेज काही काळ बंद पडतं आणि इन्सुलिनचा निरोप नीट आत पोचतो. याच पीटीपी-१बीबद्दल २००३ साली एक फार देखणी गोष्ट उघड झाली. त्याच्या गाभ्यातला गंधक ऑक्सिजन घेतल्यावर शेजारच्या नायट्रोजनशी बंध करून एक छोटं कडं तयार करतो. त्यामुळे आणखी ऑक्सिजन लागून तो कायमचा निकामी होत नाही, परत फिरायची वाट शाबूत राहते. अपघाताने होणाऱ्या नासधुशीत अशी परतीची सोय नसते गं. ही उत्क्रांतीने घडवलेली कळ आहे, दाबायची आणि सोडायची.

आता जनुकांकडे येते, कारण माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग तोच. आणि सुरुवात जिवाणूंपासून करते. १९८५ मध्ये बर्कलीला ब्रूस एम्स यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की साल्मोनेला जिवाणूंना आधी अगदी थोडं पेरॉक्साइड दिलं तर नंतरचा मारक डोस ते पचवतात. तेवढ्या वेळात त्यांनी तीसेक नवी प्रथिनं तयार केलेली असतात. त्यांतल्या काही प्रथिनांच्या जनुकांवर ऑक्सी-आर नावाचं एकच प्रथिन ताबा ठेवतं. ऑक्सी-आर डीएनएवर बसतं आणि त्याच्या अंगावर संवेदनशील सिस्टीन असतात. पेरॉक्साइडने दोन सिस्टीनच्या गंधकांमध्ये पूल बांधला की प्रथिनाचा आकार पालटतो आणि संरक्षणाची जनुकं चालू होतात. संकट ओळखणारा आणि जनुकाची कळ दाबणारा, दोन्ही एकच.

२००६ मध्ये मॉस्कोच्या व्सेव्होलोद बेलोऊसोव यांच्या गटाने या ऑक्सी-आरचा पेरॉक्साइड ओळखणारा भाग घेऊन त्यात चमकणारं पिवळं प्रथिन ओवलं. नाव ठेवलं हायपर. आता जिवंत पेशीत पेरॉक्साइड कुठे आहे ते सूक्ष्मदर्शकातून चक्क दिसायला लागलं. तीन वर्षांनी बोस्टनमध्ये हेच प्रथिन झेब्राफिशच्या पिलांमध्ये घातलं. (झेब्राफिश मूळची आपल्याकडची, गंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्या-शेतांमधली.) शेपटीच्या टोकाला छोटासा काप दिला, तर काही मिनिटांत जखमेच्या कडेला पेरॉक्साइड चढायला लागलं, साधारण वीस मिनिटांत शिगेला पोचलं, आणि ते सगळं पहिली पांढरी पेशी तिथे येण्याच्या आधी. ते बनवणारं एन्झाइम रोखलं तर पांढऱ्या पेशी जखमेकडे फिरकेनात. जिवाणूच्या कळीतून बनवलेल्या डोळ्याने माशाच्या जखमेची हाक दिसली, हे मला आजही रोमांचक वाटतं.

आपल्या पेशींतही ऑक्सी-आरसारखी व्यवस्था आहे, पण तिच्यात दोघं आहेत: एनआरएफ-२ आणि कीप-१. एनआरएफ-२ हे १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत सापडलं. शोधणारे हिमोग्लोबिनच्या जनुकावर काय बसतं ते बघत होते, हाती लागलं भलतंच. जपानच्या मासायुकी यामामोतो यांच्या गटाने दाखवलं, की ज्या उंदरांत एनआरएफ-२ नाही त्यांना विषारी द्रव्यं निष्प्रभ करणारी एन्झाइम वाढवताच येत नाहीत. आणि १९९९ मध्ये त्यांनीच कीप-१ शोधलं. ही जोडी अशी चालते: पेशी एनआरएफ-२ सतत बनवत राहते आणि कीप-१ ते धरून विल्हेवाटीला पाठवत राहतं, त्याचं निम्मं आयुष्य वीसेक मिनिटांचं. हा खर्च वरवर उधळपट्टी वाटेल. पण रुग्णवाहिकेचं इंजिन चालू ठेवून ड्रायव्हर दारात बसलेला असावा, तसं हे आहे; हाक आली की पहिला क्षण वाया जात नाही. मानवी कीप-१ मध्ये २७ सिस्टीन आहेत, त्यातले मोजके अत्यंत संवेदनशील. पेरॉक्साइडने किंवा एखाद्या तिखट रसायनाने ते बदलले, की कीप-१ ची पकड फोल ठरते. नवं बनलेलं एनआरएफ-२ सुटतं, केंद्रकात जातं, डीएनएवरच्या ठरावीक अक्षरांच्या जागी बसतं आणि दोनशेहून जास्त जनुकांना जागं करतं. ग्लुटाथायॉन बनवणारी, लोह सुरक्षित बांधून ठेवणारी, विष निकामी करणारी, अशी सगळी जनुकं.

म्हणजे शरीराचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट कोठार थोड्या ऑक्सिडेशनच्या निरोपानेच भरतं. निरोपच पोचू दिला नाही तर कोठार भरणार कसं?

तुझ्या स्वयंपाकघराशी याचा संबंध आहे म्हणून सांगते. १९९२ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये पॉल तालाले यांच्या गटाने ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळं काढलं. ते स्वतः काही व्हिटॅमिन सीसारखं रॅडिकल पकडत फिरत नाही. ते जाऊन कीप-१ च्या सिस्टीनला चिकटतं आणि पेशीला वाटतं हल्ला झाला. कोबी, मुळा, मोहरी या सगळ्या कुळात याची भावंडं आहेत, आणि ती चिरल्यावर, चावल्यावरच तयार होतात, कारण ती बनवणारं एन्झाइम वनस्पतीत वेगळ्या कप्प्यात असतं. खूप उकळलं तर ते एन्झाइम मरतं. म्हणून कोबीची कच्ची पचडी आणि मुळ्याची कोशिंबीर, शिवाय शिजवलेल्या भाजीवर वरून चिमूटभर मोहरीची पूड, ही माझी शिफारस. हळदीतलं कर्क्युमिनही प्रयोगशाळेतल्या पेशींत कीप-१ ला हलवतं, पण पोटातून रक्तात फार कमी उतरतं, तेव्हा हळदीच्या कॅप्सूलवर पैसे घालवू नकोस.

एनएफ-कप्पा-बी हे सूज आणि प्रतिकाराची जनुकं चालवणारं प्रथिन आणखी अवघड आहे. पेशीद्रवात ऑक्सिडेशनचा इशारा त्याला सोडवायला मदत करतो, पण केंद्रकात डीएनएवर बसायला त्याचा एक सिस्टीन ऑक्सिडेशनपासून मुक्त असावा लागतो. एकाच प्रथिनाला दोन खोल्यांत दोन विरुद्ध हवामानं लागतात. गोळी गिळून सगळीकडे एकसारखं हवामान करायला निघालेल्यांनी एवढं एक उदाहरण तरी वाचावं.

नासधूस खोटी आहे, असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. पेरॉक्साइड बेसुमार वाढलं, त्याची सुट्या लोहाशी गाठ पडली, की हायड्रॉक्सिल तयार होतो आणि डीएनएतल्या ग्वानिनला ऑक्सिजन चिकटवतो. असा बिघडलेला ग्वानिन चुकीच्या अक्षराशी जोडी लावतो आणि पुढच्या प्रतीत उत्परिवर्तन होतं. ते कापून काढणारं एन्झाइम आपल्याकडे आहे, पण त्याच्याही आवाक्याला मर्यादा आहेत. धूर, धूळ, सततची वाढलेली साखर, जुनाट सूज यांतून जे होतं ते हेच. खुद्द झीस आता निरोपापुरतं ऑक्सिडेशन आणि नासवणारं ऑक्सिडेशन असे दोन वेगळे भाग करतात. फरक प्रमाणाचा, जागेचा आणि वेळेचा आहे.

आता आर्याच्या प्रश्नाचं थेट उत्तर. २००९ साली जर्मनीतल्या मिखाएल रिस्टोव यांच्या गटाने तरुण मुलांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट व्हिटॅमिन ई दिलं, निम्म्यांना नुसत्या फसव्या गोळ्या. ज्यांनी जीवनसत्त्वं घेतली नव्हती त्यांच्या पेशी इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद द्यायला लागल्या आणि स्नायूंत सुपरऑक्साइड डिस्म्युटेजसारख्या संरक्षक एन्झाइमांची जनुकं वाढली. ज्यांनी गोळ्या घेतल्या त्यांचा हा फायदा जवळजवळ पुसला गेला. घाम तितकाच गाळला, पण स्नायूंना निरोपच मिळाला नाही. अभ्यास लहान होता, आणि पळण्याच्या वेगावर याचा परिणाम दरवेळी दिसतोच असंही नाही. पण ज्याने फायदा होत नाही आणि व्यायामाचा फायदा कमी व्हायची शक्यता आहे ते घ्यायचं कशाला? संत्री, पेरू, आवळा खुशाल खाऊ दे. त्यातल्या प्रमाणाने हे होत नाही.

मोठ्या चाचण्यांची कहाणी तर याहून गंभीर. फिनलंडमध्ये धूम्रपान करणारे २९,१३३ पुरुष घेऊन काहींना बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट दिलं, फुप्फुसाचा कॅन्सर टळेल या आशेने. १९९४ साली निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत तो कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेत १८ हजारांहून जास्त लोकांवर चाललेली तशीच चाचणी १९९६ च्या जानेवारीत मुदतीआधी थांबवावी लागली, तिथे वाढ २८ टक्के होती. ही माणसं चांगल्या भावनेने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या घेत होती, हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं. पुढे, २०१४ मध्ये, स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी फुप्फुसात बारीक गाठी असलेल्या उंदरांना व्हिटॅमिन ई आणि एन-ॲसिटिल सिस्टीन ही अँटिऑक्सिडंट दिली, तर गाठी झपाट्याने वाढल्या. ऑक्सिडेशन कमी झाल्यामुळे पी-५३ या पहारेकरी प्रथिनाची पातळी घसरली होती. फुप्फुसाच्या कित्येक कॅन्सरमध्ये कीप-१ चं जनुकच बिघडलेलं सापडतं, म्हणजे एनआरएफ-२ कायम मोकळं. जी ढाल निरोगी पेशीला वाचवते तीच गाठीलाही वाचवते. त्यामुळे एनआरएफ-२ जितकं चालू तितकं चांगलं, असंही कोणी सांगितलं तर मानू नकोस.

आर्यासाठी एक गंमत लिहिते, तिला आवडेल. लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं, जनुकंच नसतात. तरी २०११ मध्ये केंब्रिजच्या अखिलेश रेड्डी आणि जॉन ओ'नील यांनी दाखवलं, की काढलेल्या रक्तातल्या या पेशींत, अंधारात, एकसमान तापमानात, पेरॉक्सिरेडॉक्सिन नावाच्या प्रथिनाच्या सिस्टीनचं ऑक्सिडेशन साधारण चोवीस तासांच्या लयीत चढतं-उतरतं. जनुकांविना चालणारं घड्याळ!

आणि तू मेलच्या शेवटी सहज लिहिलंयस, की अविनाशरावांनी डोळ्यांसाठी कसल्याशा व्हिटॅमिनच्या गोळ्या सुरू केल्यात. त्यांनी सिगारेट सोडली असली तरी बरीच वर्षं ओढली आहे, म्हणून हे तेवढं आजच कर. बाटलीवरची घटकांची यादी वाच. डोळ्यांच्या पडद्यासाठीच्या जुन्या सूत्रात बीटा-कॅरोटीन असायचं. २०१३ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत त्याच्या जागी ल्युटिन आणि झीझँथिन घालून बघितलं, आणि बीटा-कॅरोटीन घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कॅन्सर जास्त आढळला, मुख्यतः पूर्वी सिगारेट ओढणाऱ्यांत. बाटलीवर बीटा-कॅरोटीन असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ती दाखवून ल्युटिनवालं सूत्र घ्यायला लाव, आणि काय निघालं ते मला कळव.

तुझी,
सुनंदा